पॅरिलीनचे लवचिक प्रोब बनवून देणारी फाउंड्री: वापरल्यानंतरचं मत

मेंदूत महिनोन्महिने राहू शकतील असे लवचिक प्रोब (मेंदूतल्या पेशींचे विद्युत संकेत टिपणाऱ्या बारीक सुया) आपल्या आराखड्याप्रमाणे बनवून देणाऱ्या एका फाउंड्रीकडून, म्हणजे सूक्ष्म उपकरणांच्या कारखान्याकडून, आमची लॅब गेली काही वर्षं काम करून घेते आहे. मी रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधून (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागातून) रेकॉर्डिंग करते, त्यामुळे प्रोबचा लेआउट काढण्यापासून तो मेंदूत बसवण्यापर्यंत सगळं माझ्याच हातून होतं. फाउंड्रीचं नाव इथे देत नाही, कारण एका बॅचबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मला सविस्तर मांडायची आहे.

मत आधी सांगते. सेवा चांगली आहे आणि मी पुढची ऑर्डरही त्यांनाच दिली आहे. पण त्यांच्या माहितीपत्रकात ज्या गोष्टींचा गवगवा आहे, म्हणजे मऊ मटेरियल आणि भरपूर चॅनेल (संकेत बाहेर आणणाऱ्या वेगवेगळ्या वाहिन्या), त्यासाठी त्यांच्याकडे जाऊ नका. वेफरवर, म्हणजे ज्या चकतीवर प्रोब बनतात तिच्यावर, पहिला थर चढण्याआधी ते दोन प्रश्न विचारतात: हा प्रोब आत कसा जाणार, आणि त्याच्या तारा बाहेर कशा येणार. त्या दोन प्रश्नांवर त्यांनी जे डोकं लावलं ते मला इतरत्र कुठे मिळालं नव्हतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांचा मऊपणाबद्दल हमखास गैरसमज होतो, म्हणून थोडं खोलात जाते. सिलिकॉनचा यंग्ज मोड्युलस (मटेरियल किती ताठ आहे याचं माप) दीडशे गिगापास्कलच्या आसपास असतो. हे प्रोब ज्याचे बनतात त्या पॅरिलीन-सीचा साधारण ३ गिगापास्कल. मेंदूच्या ऊतीचा मात्र काही किलोपास्कल, म्हणजे पॅरिलीनच्याही लाखो पटींनी कमी. तेव्हा ‘मेंदूइतकं मऊ मटेरियल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पॅरिलीन हे प्लॅस्टिकच आहे. प्रोब लवचिक होतो तो त्याच्या जाडीमुळे. पट्टी वाकवायला लागणारं बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं: जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. १५ मायक्रॉन जाडीची सिलिकॉनची शँक (प्रोबचा मेंदूत जाणारा सुईसारखा दांडा) आणि तितक्याच रुंदीची २० मायक्रॉन जाडीची पॅरिलीनची शँक घेतली, तर पॅरिलीनची शँक सुमारे वीसपट सहज वाकते. तीच ४० मायक्रॉनची केली तर यातला बहुतेक फायदा गेलाच. म्हणून ऑर्डर देताना मटेरियलच्या नावापेक्षा जाडीच्या आकड्यावर भांडावं.

हा फरक कशासाठी हवा, तर मेंदू कवटीच्या आत एका जागी थांबत नाही म्हणून. भूल दिलेल्या रॅटमध्ये नुसत्या श्वासामुळे मेंदूचा पृष्ठभाग १० ते ३० मायक्रॉन खालीवर होतो आणि नाडीच्या ठोक्यांमुळे आणखी २ ते ४ मायक्रॉन. कवटीला सिमेंटने पक्की केलेली ताठ सुई आत असेल, तर ती प्रत्येक श्वासाला आजूबाजूच्या पेशींना घासत राहते. मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या सहायक पेशी तिथे गोळा होतात, सुईभोवती कवच तयार होतं, आणि ज्या न्यूरॉनचं बोलणं ऐकायला आपण आलो ते लांब ढकलले जातात किंवा मरतात. इलेक्ट्रोडला एकेका पेशीचे स्पाइक (विजेचे क्षणिक ठोके) ओळखू येतील इतपत ऐकू येतात ते शंभरेक मायक्रॉनच्या आतले. कवच काही दशांश मिलिमीटरचं झालं तरी त्या चॅनेलवर हाती फक्त पार्श्वभूमीची खरखर उरते.

आता आत जाण्याचा प्रश्न. जो प्रोब मेंदूसोबत हलण्याइतका लवचिक, तो मेंदूत शिरताना दुमडणारच. दोरा ढकलून पुढे जात नाही, ओढावा लागतो. आमचा आराखडा असा होता: चार शँक, प्रत्येकीवर ३० मायक्रॉन व्यासाचे आठ प्लॅटिनम इलेक्ट्रोड, एकूण ३२ चॅनेल. रेषा ५ मायक्रॉनची, मधली फट ५ मायक्रॉनची, दोन्ही कडांना संरक्षक काठ, म्हणून शँकची रुंदी १२० मायक्रॉन. लांबी ५ मिलिमीटर. पहिल्याच कॉलवर तिथल्या इंजिनिअरनी चॅनेलबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी विचारलं, “ड्युरा (मेंदूवरचं बाहेरचं जाड आवरण) काढणार आहात ना? टोक किती खोल न्यायचंय? आणि वरचा भाग कशाने धरणार आहात?” मग त्यांनी स्क्रीनवर ऑयलरचं सूत्र मांडलं, पट्टी किती बळाला दुमडते ते सांगणारं.

ते गणित मी इथे देते, कारण ज्याला प्रोब बनवून घ्यायचाय त्याने ते स्वतः करून पाहायलाच हवं. एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं ऊतीवर टेकलेलं अशी १२० मायक्रॉन रुंद आणि २० मायक्रॉन जाड पॅरिलीनची पट्टी. लांबी ५ मिलिमीटर असेल तर ती जेमतेम ०.२ मिलीन्यूटन बळाला वाकते. ड्युरा काढल्यावरही पायामेटर या खालच्या पातळ आवरणातून आत शिरायला डिझाइन करताना साधारण १ मिलीन्यूटन धरतात. म्हणजे ही शँक मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती कमान होऊन उभी राहणार. आता उघडी लांबी २ मिलिमीटर करा: वाकायला लागणारं बळ लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे ते १.२ मिलीन्यूटनवर जातं. जाडी वाढवली नाही, मटेरियल बदललं नाही, आणि शँक आत जाऊ शकते अशा हद्दीत आली.

पण हिप्पोकॅम्पसचा सीए१ थर पृष्ठभागापासून अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे आणि आम्हाला त्याच्याही खाली जायचं होतं. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे पीईजीचा आधार. पीईजी म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. ते साधारण ६० अंशांना वितळतं, पाण्यात विरघळतं आणि थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं. शँकचा वरचा भाग पीईजीच्या ठोकळ्यात गाडायचा, टोकाकडचे २ मिलिमीटर तेवढे उघडे ठेवायचे. उघडा भाग आत गेला की सलाईन सोडून ठोकळा विरघळवायचा आणि शँक आणखी खाली न्यायची. तोवर आत गेलेल्या भागाला ऊतीचाच चारी बाजूंनी आधार मिळालेला असतो, त्यामुळे उरलेला भाग दुमडत नाही. या ओतकामासाठी सिलिकोन रबराचे साचे फाउंड्रीने प्रोबसोबतच पाठवले. आमच्या लेआउटच्या मापाचे होते ते, खाचांची खोली आणि शँकमधलं अंतर तंतोतंत. ही त्यांच्या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

शस्त्रक्रियेत हे कसं दिसतं तेही सांगते. पॅरिलीन पारदर्शक असतं. ओल्या, चकाकणाऱ्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली शँकच्या कडा दिसतच नाहीत. दिसतात त्या प्लॅटिनमच्या बारीक रेषा आणि वर पांढरा पीईजीचा ठोकळा. चारही टोकं टेकतात तिथे आधी चार खळगे पडतात, रक्तवाहिन्यांची जाळी थोडी आत ओढली जाते, आणि मग एकेक खळगा झटक्यात सपाट होतो. तो सपाट झाला म्हणजे टोक आत गेलं. चारपैकी एक मागे राहिली तर उरलेल्या तीन पुढे गेल्यावर ती बाजूला सरकू लागते, आणि तिथेच थांबावं लागतं. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मेंदूतलं पाणी. सेरेब्रोस्पायनल द्रव शँकवरून वर चढला तर पीईजी वेळेआधीच मऊ पडतं. भोवती जिलेटिनच्या स्पंजचे तुकडे ठेवून जागा कोरडी राखावी लागते आणि ठोकळ्याचा खालचा काठ पृष्ठभागाला टेकण्याआधीच उघडा भाग आत गेलेला असावा लागतो. पारदर्शकतेची अडचण मी कळवल्यावर त्यांनी पुढच्या आवृत्तीत शँकच्या कडेला दर ५०० मायक्रॉनवर धातूच्या छोट्या आडव्या खुणा टाकल्या. कुठल्याही चॅनेलशी न जोडलेल्या या खुणांनी खोली वाचणं इतकं सोपं झालं की आता त्यांच्याशिवाय मी प्रोब मागवणारच नाही.

दुसरा मार्ग शटलचा: सिलिकॉनच्या ताठ पट्टीवर प्रोब पीईजीनेच चिकटवायचा, पट्टीसकट आत घालायचा, चिकटा विरघळला की पट्टी एकटी बाहेर काढायची. खोलवरच्या भागांसाठी तोच बरा. मेंदूसंशोधक लोरेन फ्रँक यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पॉलिइमाइडचे प्रोब अशाच पद्धतीने बसवून, मोकळ्या फिरणाऱ्या रॅटच्या मेंदूतून एका वेळी १०२४ चॅनेलपर्यंत आणि पाच महिन्यांहून अधिक काळ रेकॉर्डिंग केलं होतं. पॉलिमर प्रोब टिकतात का, या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. फक्त शटलमुळे आत जाताना होणारी जखम मोठी होते, आणि चार शँक जवळजवळ असतील तर चार शटल एकाच वेळी बाहेर काढताना प्रोबही सोबत वर येऊ शकतो. आमच्या खोलीला ठोकळा पुरतो, म्हणून मी ठोकळ्यावरच राहिले.

बनावटीबद्दल. थरांची रचना अशी: खाली १० मायक्रॉन पॅरिलीन, मध्ये सुमारे २०० नॅनोमीटर प्लॅटिनम, वर पुन्हा १० मायक्रॉन पॅरिलीन. वरचा आणि खालचा थर सारखा असला की धातू बरोबर मध्यावर येतो. पट्टी वाकताना एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते, आणि मध्यावर जवळपास काहीच होत नाही, म्हणून तिथल्या रेषा तुटत नाहीत. एक थर दुसऱ्यापेक्षा जाड झाला तर रेषांवर ताण येतो, शिवाय वेफरवरून सोडवल्यावर शँक एका बाजूला वळून बसते. आम्हाला मिळालेल्या शँक सरळ होत्या, कडा ऑक्सिजन प्लाझ्माने स्वच्छ कापलेल्या. इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) १ किलोहर्ट्झला काही शे किलोओम, आणि चॅनेल-चॅनेलमध्ये फरक कमी. पेडॉट या वीजवाहक पॉलिमरचं कोटिंग आम्ही लॅबमध्ये स्वतः चढवतो, त्यानंतर तो कितीतरी खाली येतो.

आता तक्रार. पॅरिलीनच्या प्रोबचं दुखणं असतं ते त्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात. पॅरिलीन वाफेतून थेट पृष्ठभागावर जमतं: डायमरची, म्हणजे त्याच्या कच्च्या मालाची, पूड साधारण १५० अंशांना वाफ होते, ७०० अंशांच्या जवळ तिचे तुकडे पडतात आणि सामान्य तापमानाच्या कक्षात ते वेफरवर पॉलिमर बनून बसतात. त्यामुळे थर एकसारखा आणि बिनछिद्र येतो. पण धातूच्या रेषा काढल्यानंतर पहिल्या थरावर फोटोरेझिस्टचा (रेषा छापायला वापरलेल्या प्रकाशसंवेदी लेपाचा) अंशही उरला, तर दुसरा थर तिथे नीट धरत नाही. पाण्याची वाफ पॅरिलीनमधून हळूहळू पार होतेच. जिथे सांधा कच्चा असतो तिथे तिचं पाणी होतं, फट रुंदावते, आणि शेजारच्या दोन रेषा आतल्या आत जोडल्या जातात.

एका बॅचमध्ये नेमकं हेच झालं. आमच्याकडे प्रत्येक बॅचमधला एक प्रोब बळी देण्याची पद्धत आहे: तो पीबीएस या खाऱ्या द्रावणात ६७ अंशांना ठेवायचा. दर १० अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट होतो असं ढोबळमानाने धरतात, म्हणजे शरीराच्या ३७ अंशांच्या मानाने आठपट घाई. याहून फार वर जाता येत नाही, कारण ९० अंशांच्या आसपास पॅरिलीन स्वतःच सैल पडू लागतं आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही. त्या बॅचच्या नमुन्यात शेजारशेजारच्या चॅनेलचे इम्पीडन्स एकत्र घसरायला लागले. तिरक्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा रेषांच्या काठाने चंदेरी पट्टे पसरलेले दिसले, आणि चिमट्याने हलकं दाबलं की त्यातला एखादा बुडबुडा पुढे सरकायचा. तीच बॅच प्राण्यात गेली असती तर काही आठवड्यांनी चार चॅनेलवर एकच सिग्नल दिसला असता आणि आम्ही त्याला न्यूरॉनचं एकत्र स्पंदन समजून बसलो असतो.

फाउंड्रीने फोटो पाहिल्यावर वाद घातला नाही. बॅच बदलून दिली, दुसरा थर चढवण्याआधीची प्लाझ्मा सफाई वाढवली, आणि तयार प्रोब निर्वातात तापवून थर एकमेकांत घट्ट बसवण्याची पायरी आमच्यासाठी सक्तीची केली. हे तापवणं निर्वातातच व्हायला हवं, हवेत पॅरिलीन ऑक्सिजनमुळे ठिसूळ होतं. बदललेली बॅच उत्तम निघाली. तरीही माझा राग आहे तो यावर की ही भिजवण्याची चाचणी ते स्वतः करत नाहीत. ते पाठवतात तो इम्पीडन्सचा तक्ता कोरड्या साठवणीनंतर एकदाच घेतलेल्या मोजणीचा असतो. ज्या वस्तूचं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात जाणार, तिची परीक्षा खाऱ्या पाण्यात न घेता ती जिवंत प्राण्यात घालायला पाठवणं मला मान्य नाही. ज्या लॅबकडे अशी चाचणी करायची सोय नाही, त्यांना हा दोष प्राणी गेल्यावरच कळेल. प्रत्येक प्राण्यामागे आपण एथिक्स कमिटीला शब्द दिलेला असतो, याचा विचार बनवणाऱ्यांनीही करायला हवा.

तारा बाहेर काढण्याची बाजू मात्र त्यांनी फार छान सांभाळली आहे. पॅरिलीनवर सोल्डर करता येत नाही, इतकी उष्णता ते सहन करत नाही. मऊ थरावर वायर बाँडिंगही (बारीक तार थेट दाबून जोडणं) नीट होत नाही. त्यांनी शेपटीच्या, म्हणजे तारा बाहेर आणणाऱ्या पट्टीच्या, टोकाला मागून पीक (PEEK) या प्लॅस्टिकची ताठ पट्टी लावून ती झिफ कनेक्टरमध्ये (जोर न लावता बसणाऱ्या जोडणीत) सरकवता येईल अशी केली आहे. सर्किट बोर्ड पुन्हा वापरता येतो, खराब प्रोब काढून दुसरा लावायला काही मिनिटं पुरतात. निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइडने करा, ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, असं डब्यावरच ठळक लिहिलेलं असतं. १२१ अंशांच्या वाफेत शँकचा आकार बिघडतो, हे विसरणाऱ्यांसाठी ती सूचना महत्त्वाची आहे.

शेपटीबद्दल त्यांचा आग्रह होता की मेंदूतून बाहेर आल्यावर कवटीपर्यंतच्या अंतरात थोडा सैल वळसा ठेवा. लवचिक प्रोब आत मऊ वागतो, पण शेपूट ताणून चिकटवली तर मेंदू हलताना तो वर ओढला जातो. मेंदूत बसवायची उपकरणं बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णात २०२४ च्या जानेवारीत बसवलेल्या धाग्यांपैकी बरेच धागे पुढच्या काही आठवड्यांत मागे सरकल्याचं कंपनीनेच जाहीर केलं होतं. ते धागेही पॉलिमरचे, काही मायक्रॉन जाडीचेच. माणसाचा मेंदू रॅटच्या मेंदूपेक्षा खूप जास्त हलतो आणि तिथली कारणं वेगळी असू शकतात, पण मऊ धागा म्हणजे जागेवर राहणारा धागा असं गृहीत धरून चालत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. आमच्या लेआउटमध्ये आता शेपटीला इंग्रजी एस अक्षरासारखी वळणं आहेत.

रेकॉर्डिंग कसं येतं? बसवल्यानंतरचे पहिले काही दिवस निराश करतात. सूज असते, स्पाइक लहान दिसतात, काही चॅनेल गप्प असतात. सूज उतरली की सीए१ मधले रिपल (वेगवान विद्युत लहरी) स्वच्छ दिसू लागतात आणि वेगवेगळ्या पेशी वेगळ्या काढता येतात. त्यानंतर महिनोन्महिने त्याच थराच्या आसपास राहून काम करता येतं, हा खरा फायदा. त्याच लॅबमध्ये ताठ सिलिकॉन प्रोबवर सुरुवात याहून झकास होते आणि मग एकेक चॅनेल गळत जातो.

तुमचं काम एका बैठकीत संपणारं असेल, तर या वाटेला जाऊ नका. २०१७ मध्ये आलेल्या न्यूरोपिक्सेल्स या प्रोबच्या एका सिलिकॉन शँकवर ९६० इलेक्ट्रोड आहेत आणि त्यातले ३८४ एका वेळी वाचता येतात. ५ मायक्रॉनच्या रेषा काढणारी पॉलिमर फाउंड्री त्या घनतेच्या जवळपासही येत नाही. मेंदूच्या फक्त वरच्या थरांतून सपाट क्षेत्रभर सिग्नल हवे असतील तर युटा अ‍ॅरेचा (छोट्या ताठ सुयांच्या चौकोनी जाळीचा) माणसांमधला अनुभवही कितीतरी जुना आहे. पण त्याच प्राण्यात, त्याच पेशींच्या शेजारी, शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर कित्येक आठवडे थांबायचं असेल तर लवचिक प्रोबला पर्याय नाही.

आराखडा पाठवण्यापासून प्रोब हातात येईपर्यंत काही महिने जातात आणि वेफर इतरांच्या आराखड्यांसोबत वाटून घ्यावा लागत असल्याने तारीख हलते, हे धरून चाला. ऑर्डर देताना लेखी मागा: दोन्ही थरांची मोजलेली जाडी, निर्वातात तापवल्याची नोंद, कडेला खोलीच्या खुणा, साचे, आणि प्रत्येक बॅचमागे भिजवून पाहायला दोन जादा प्रोब. जादा प्रोब ते सहज देतात, फक्त आपण होऊन विचारत नाहीत.